दोन खिडक्या, एक काचेचे कौल

शनिवार, ८ नोव्हेंबर १९४१. शहापूर.
देवकीला कल्याणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन आणले. दसऱ्यापासून तिचे डोके ठणकते आणि दिव्याभोवती तिला रंगीत कडे दिसते. मला दिसत नाही, तेव्हा दिव्यात दोष नाही हे मी आधीच सांगितले होते.
डॉक्टर अगदी पोरगेला आहे. म्हणाला, काचबिंदू आहे, मोतीबिंदू नव्हे. डोळ्यात दाब वाढलाय. मुंबईला इस्पितळात नेऊन ताबडतोब ऑपरेशन करा, आज आहे ती नजर वाचेल, गेलेली परत यायची नाही. चिठ्ठी लिहून दिली. दाब इंजिनात असतो, डोळ्यात कुठून येणार? पण मी वाद घातला नाही. उठता उठता विचारले, घरी आणल्यावर काय काळजी घ्यायची? तेव्हा म्हणाला, काही दिवस खोलीत फार उजेड नको, खिडक्यांना काळे पडदे लावा.
एवढे एकच वाक्य कामाचे बोलला.
उभा जन्म मोजणी खात्यात काढला. मुरबाड तालुक्यात अशी वाडी नाही की जिच्या बांधावरून माझी साखळी गेली नाही. लोक अजून मला मोजणीदारच म्हणतात. त्या माणसाला दोन खिडक्या म्हणजे हातचा मळ.
संकल्प: उद्या मोजमाप. सोमवारी कापड. पुढच्या शनिवारी मुंबई.

रविवार, ९ नोव्हेंबर.
माजघराशेजारची खोली देवकीसाठी ठरवली. पूर्वेची खिडकी नं. १, उत्तरेची खिडकी नं. २. छपरात एक काचेचे कौल आहे, त्याचा विचार नंतर.
पोलादी टेप काढला. पहिला फूट गंजून गेलाय, म्हणून दुसऱ्या फुटापासून मोजून एक वजा करत गेलो. नं. १ ची रुंदी वर एक, मध्ये दुसरी, खाली तिसरी. पुन्हा मोजली. पुन्हा तेच. म्हणजे मोजणी बरोबर आहे, खिडकी चूक आहे. ज्या सुताराने ती बसवली त्याच्यावर माझा तेव्हाच विश्वास नव्हता.
देवकी चुलीपासून म्हणाली, अवो, मोठं कापड आना नि चारी बाजूंनी खिळं मारा, झालं. तिला काय सांगणार! पडदा चौकटीबाहेर गेला म्हणजे भिंतीवर अतिक्रमण. वीतभर बांध सरकवणाऱ्यांचे रिपोर्ट करण्यात माझी हयात गेली, आणि आता स्वतःच्या घरात मीच हद्द ओलांडू?
खिडकी नं. १ वादग्रस्त म्हणून नोंदवली. फेरमोजणी.

सोमवार, १७ नोव्हेंबर. सकाळी.
फेरमोजणी पुरी. कच्चा नकाशा तयार. उत्तरेचा बाण काढला, गजांच्या जागा दाखवल्या, नं. २ चा कोपरा उंदराने कुरतडलाय तो पोटहिस्सा म्हणून वेगळा दाखवला. नकाशा इतका देखणा झाला की दोन्ही खिडक्यांचा पक्का करायचे ठरवले. शाई आणायला हवी.
बाजारात काळे कापड ढिगाने पडले आहे. दुकानदार कापायला निघाला होता, मीच थांबवला. माप कायम झाल्याशिवाय खरेदी करणे हा अडाण्यांचा धंदा.
शनिवारची मुंबई राहिली. हरकत नाही. खोली तयार नसताना ऑपरेशन करून माणूस आणला तर ठेवायचा कुठे?

शनिवार, २२ नोव्हेंबर.
आज एक मोठी गोष्ट कळली. शेजारच्या रंगूच्या सासूचा मोतीबिंदू मागे काढला होता. रंगू म्हणाली, डागदरानी पाच वरीस थांबवलं, पिकला नाय म्हनून. पिकल्यावर काढला, आता म्हातारी सुईत दोरा घालते.
बघा! कोणाला विचारा, डोळ्यातला बिंदू पिकावाच लागतो. कच्चा आंबा कोणी उतरवत नाही. कल्याणच्या त्या पोराने काचबिंदू म्हटले म्हणून काय झाले, बिंदू तो बिंदूच. घाई केली असती तर बाईचा डोळा फुकट गेला असता. मी मोजमापात वेळ घेतला तो देवानेच घ्यायला लावला म्हणायचा.
देवकीला समजावून सांगितले. ती म्हणाली, डागदर त नाय असं बोलला. मग गप्प बसली. माझे म्हणणे तिला पटले.
आज भातात पुन्हा खडे. दाढ दुखावली. वय झाले की बायकांचे लक्ष उडते.

सोमवार, १५ डिसेंबर.
पक्का नकाशा परवा पुरा झाला. आज कापड आणायला गेलो तर काळे कापड नाही! जपानने लढाई सुरू केली, मुंबईत रात्री दिवे झाकायचा हुकूम निघालाय म्हणे. जेवढे काळे होते तेवढे सगळे तिकडे गेले. दुकानदार म्हणाला, तवा मी कापीत व्हतो, तुमीच हात धरला. व्यापारी लोकांना हिशेबापलीकडे काही कळत नाही. मी काय जपानला विचारून माप घेणार होतो?
मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. सरकारसुद्धा आता खिडक्या झाकायला लागले. मी महिनाभर आधी सुरुवात केली होती.
आसनगाव स्टेशनात थांबणाऱ्या प्रत्येक गाडीतून मुंबईची माणसे गाठोडी घेऊन पळून येताहेत. अशात बाईमाणसाला मुंबईला नेणे म्हणजे वेडेपणा. नोंद करून ठेवतो, म्हणजे मागाहून कोणी बोलायला नको.

शनिवार, २० डिसेंबर.
मुरबाडहून कमळ आली. लेक माझी, पण तोंड तिच्या आजीचे. आल्या आल्या आईचे डोळे निरखले, आणि मग माझ्यावर घसरली. बाबा, चिठ्ठी कवाची हाय? अजून का नाय नेलं? मी नकाशा दाखवला. तिने तो बघितलासुद्धा नाही.
म्हणाली, मी नेते आयेला. यांना सांगते, बैलगाडी जोडतील. यांना म्हणजे वाल्मिक, आमचे जावई. भला माणूस, पण त्याला मुंबईत उजवा हात कुठला ते कळायचे नाही. मी म्हटले, कालपासून पौष लागला. पौषात कोणी चांगले काम काढते का? कमळ म्हणाली, डोळं जाया पौष चालतो का?
शिकलेली नाही म्हणून असे बोलते. सोडून दिले.
जाताना आईच्या गळ्यात पडून रडली. देवकीनेच तिची समजूत घातली, म्हणाली, तुझा बाप करतोय गो, त्याच्या परीनं करतोय.
खरेच आहे. या घरात करणारा मी एकटा.

बुधवार, १४ जानेवारी १९४२. संक्रांत.
नवी पद्धत सुरू केली. रोज सकाळी देवकीला ओसरीवर बसवायचे, हातभर लांबून बोटे दाखवायची आणि उत्तर टिपायचे. म्हणजे नजर किती उतरते याची नोंद राहील.
पहिला दिवस. दोन बोटे दाखवली. दोन म्हणाली. उत्तम.
रोज दोनच दाखवायची असे ठरवले. मोजणीत मध्येच पद्धत बदलली की तुलना बिघडते.
कपाळावरचे कुंकू आज भुवईवर उतरले होते. सणाची घाई.

गुरुवार, २९ जानेवारी.
कापडाचा प्रश्न सोडवला! माझी जुनी धोतरे काळ्या रंगात उकळायची. शोधून काढायला डोके लागते. अंगणात चूल मांडली, मोठे पातेले ठेवले. रंग ढवळायला देवकी बसली, कारण मला धुराने खोकला येतो. दिवसभर ती ढवळत होती. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. मध्येच उठून परसात गेली आणि ओकली. डोकं फुटतंय म्हणाली. सुंठेचा लेप लावायला सांगितले.
वाफ तोंडावर घेतली तर डोळे मोकळे होतात असे कुठेतरी वाचल्याचे आठवते.
धोतरे वाळल्यावर काळी झाली नाहीत. करडी झाली. पुन्हा उकळणार.

रविवार, ८ फेब्रुवारी.
दुसऱ्यांदा उकळून झाली. आता वांग्याच्या सालीसारखी आहेत. चालेल.
सावळाराम शिंप्याकडे कापड आणि नकाशा नेला. तो नकाशा उलटा धरून बघत बसला. मी माप तोंडी सांगितले, चौकटीच्या आतून आतपर्यंत, सूतभर इकडे नाही की तिकडे. तो कान खाजवत म्हणाला, मोजणीदार, तुमी सांगाल तसं. मी म्हटले, मी सांगतो तसेच.
निकाल: दुमड शिवल्यावर पडदा चौकटीपेक्षा लहान झाला. चारी बाजूंनी उजेडाची चौकट! नं. १ ला तर वरून पालसुद्धा सहज आत येईल. माप बरोबर आहे. दुमडीने कापड खाल्ले. दुमड हे शिंप्याचे क्षेत्र, माझे नव्हे.
सावळारामशी बोलणे बंद.

गुरुवार, १९ फेब्रुवारी.
कमळ पुन्हा आली. या वेळी गाडी घेऊन, वाल्मिकसह. सरळ आईचे लुगडे गाठोड्यात बांधायला लागली. मी दारात उभा राहिलो. मोठ्याने बोललो. किती मोठ्याने ते आता आठवत नाही, पण रंगू कुंपणापाशी येऊन उभी राहिली होती.
कमळ म्हणाली, बाबा, तुमाला विस्पिटलाचा भ्या वाटतो, पडदे नि काय! काकाच्या वक्ताचा तो भ्या हाय.
साफ खोटे. थोरल्या भावाला पोटाच्या दुखण्यासाठी मीच मुंबईला नेले होते, आणि तिथे त्याचे कपडे गुंडाळून माझ्या हातात दिले, ही गोष्ट खरी आहे. पण त्याचा इथे काय संबंध? मी फक्त एवढेच म्हणतो की तयारीशिवाय पाऊल टाकू नये. देवकी नसलेले घर माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही, मी आणूही देत नाही. कोणी याला भीती म्हणत असेल तर म्हणो.
देवकीला विचारले, जायचेय का तुला? ती दोघांच्या मध्ये उभी होती. मग म्हणाली, ते नको म्हनतात त नको.
कमळ पाणीसुद्धा न घेता गेली. म्हणाली, परत बोलवू नका मला. गाडी वळेपर्यंत देवकी अंगणात हात हलवत होती. गाडी डावीकडे गेली होती, ही उजवीकडे बघून हलवत होती. रडण्याने दिसत नसेल.

मंगळवार, ३ मार्च.
काल होळी. देवकी रंगूचा पदर धरून गेली. नैवेद्याची पोळी होळीत टाकली ती बाहेर पडली, पोरे हसली. बायकांना नेम नसतो.
पडद्यांचा नवा विचार. चारी बाजूंना फळ्यांची चौकट ठोकायची, पडदा तिच्या आत. म्हणजे अतिक्रमण होत नाही आणि उजेडही येत नाही. हे मला आधी सुचले असते तरी फळ्या मिळाल्या नसत्या, तेव्हा उशीर झाला असे म्हणता येत नाही.

बुधवार, ११ मार्च.
आनंदाची बातमी! देवकीची डोकेदुखी गेली. आठ दिवसांत एकदाही तक्रार नाही. सहज विचारले, दिव्याभोवती कडे दिसते का? म्हणाली, नाय आता दिसत. कडेही गेले!
कल्याणच्या डॉक्टरला हे लिहून कळवायला हवे. दाब वाढलाय म्हणे! विश्रांती आणि वेळ, यांच्यासारखे औषध नाही. ऑपरेशन लागेल असे आता वाटत नाही. तरी खोली पुरी करणार. हाती घेतलेले काम अर्धे सोडण्याची माझी रीत नाही.
सकाळची नोंद: दोन बोटे. दोन. संक्रांतीपासून एकदाही चुकलेली नाही.

शनिवार, २८ मार्च.
फळ्या ठोकल्या. एक खिळा अंगठ्यात. काम दोन दिवस बंद.
देवकी हल्ली घरातल्या घरात भिंतीला हात लावून चालते. विचारले तर म्हणाली, भिंत गार लागते, उन्हाळा हाय ना. खरेच गार लागते, मीही लावून पाहिला.
मीठ दोनदा पडते, किंवा पडतच नाही. मी बोलत नाही. या वयात बायकोला टोचून बोलणारा नवरा मी नव्हे.

मंगळवार, ७ एप्रिल.
काचेचे कौल. शिडी लावून वर चढलो आणि डांबर फासले. डांबर धोतरावर, कौलावर कमी. उतरताना शिडी सरकली. कंबर धरली आहे. देवकीने शेक दिला. निखारा उचलताना तिचा हात भाजला, पण तिने आवाज काढला नाही. मी पालथा पडलो होतो, मागाहून फोड बघितला.
संकल्प: अक्षय तृतीयेच्या आत खोली पुरी. कल्याणला दाखवून, डॉक्टर म्हणाला तर लगेच मुंबई. आता कोणतीही सबब ऐकणार नाही, कोणाचीही.

शुक्रवार, १७ एप्रिल. दुपारी.
झाले! खोली पुरी झाली. बाहेर रणरणते ऊन. आत जाऊन दार लावले आणि स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला. दिसला नाही! नं. १ मधून नाही, नं. २ मधून नाही, कौलातून नाही. कुठून म्हणून उजेड नाही. माझ्या नोकरीतसुद्धा इतके चोख काम झाले नसेल. एकटाच होतो तरी मोठ्याने शाबास म्हणालो.
देवकीला हाक मारली, दार मागे लोटून ये म्हटले. ती आली. आत पाय टाकणारे कोणीही दारात थबकले असते, कारण समोर नुसता काळोख. ती थबकली नाही. मला ती दिसत नव्हती, बांगड्या ऐकू येत होत्या. सरळ चालत आली, खाटेची कड चाचपली आणि बसली.
म्हणाली, लावा की आता पडदे. बगू द्या कसे दिसतात.
मला वाटले थट्टा करते. म्हटले, लावलेत.
बांगड्या एकदा वाजल्या. मग म्हणाली, हां. चांगले झालेत. लई चांगले झालेत.
मी जाऊन दार उघडले. ऊन थेट तिच्या तोंडावर आले. तिची पापणी हलली नाही. ती दाराकडे तोंड करून, पडदे बघत असल्यासारखी कौतुकाने मान हलवत होती. खिडकी नं. १ तिच्या पाठीमागे आहे.

त्याच दिवशी. संध्याकाळी.
उन्हातून एकदम अंधारात आले की असे होते. नजरेला सवय व्हायला वेळ लागतो. माझेही झाले असते.
मघाशी ओसरीवर तिला बसवले आणि तीन बोटे दाखवली.
दोन म्हणाली.

सोमवार, २० एप्रिल.
कल्याण. डॉक्टरने बॅटरी लावून एक डोळा पाहिला, मग दुसरा. जास्त वेळ घेतला नाही. चिठ्ठी मागितली. दिली. तो चिठ्ठीवरची तारीख बघत राहिला, माझ्याकडे बघितले नाही. म्हणाला, आता ऑपरेशनचा उपयोग नाही. दोन्ही गेले.
मी त्याला सांगितले की खोली तयार आहे. अगदी पूर्ण अंधार होतो, मी स्वतः तपासलाय. तो म्हणाला, कसली खोली? म्हटले, तुम्हीच सांगितली होती, काळे पडदे. त्याला आठवेना. म्हणाला, ते होय, एखादं जाड कापड अडकवलं असतंत तरी चाललं असतं. ते ऑपरेशननंतरचं होतं.
देवकीला त्याने विचारले, नजर कधी गेली, बाई? ती माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून म्हणाली, झाले थोडे दिस.
बाहेर टांग्यात चढवताना तिचा हात धरला. लग्नानंतर रस्त्यात कधी धरला नव्हता.
कमळला कळवायला हवे. काय लिहू?

शुक्रवार, २४ एप्रिल. सकाळी.
रडत बसून उपयोग नाही. नवा संकल्प. स्वयंपाकघराच्या दारापासून परसातल्या विहिरीपर्यंत कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधायची, म्हणजे देवकीला ती धरून जाता येता येईल. मध्ये तीन खुंट लागतील, वळणावर एक जास्त. आधी अंतर नीट मोजायला हवे. नकाशा लहानसाच काढीन.

त्याच दिवशी. दुपारी.
टेप घेऊन परसात गेलो. समोरून देवकी येत होती. डोक्यावर हंडा, कमरेवर कळशी, दोन्ही भरलेली. पेरूच्या खालची फांदी आली तिथे आपोआप वाकली, दगडी पायरीशी पाऊल उचलले. मी टेप हातात घेऊन वाटेतच उभा होतो. मी खाकरलो तेव्हा थांबली.
विचारले, असे कधीपासून चालतेस? म्हणाली, शिमग्यापासून. त्या सांजेला होळीचा जाळ लागला अंगाला, पन दिसला नाय. तवा कळलं.
विचारले, मग मला का नाही सांगितलेस? म्हणाली, तुमी पडद्यात गुतलेले. सांगितलं असतं त हातपाय गाळून बसले असते. कायतरी करीत व्हते, बरं व्हतं.
कळशी तरी घ्यावी म्हणून पुढे झालो. तिने ती दुसऱ्या कुशीला घेतली आणि म्हणाली, ऱ्हाऊ द्या. तुमी सांडाल. जरा बाजूला व्हा फक्त.
मी बाजूला झालो.